पेटी कुठी हाये?

कुठल्याही माजी सैनिकाच्या दारात उभं राहिलं की पेटीभाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "पेटी कुठी हाये?" नाव नाही, पलटण नाही, अर्ज कशाचा करायचा तेही नाही. फौजेतून घरी आलेल्या माणसाबरोबर एक काळी पत्र्याची पेटी येते. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेलं असतं. ती पेटी घरात कुठे ठेवली आहे, तिच्यावर काय ठेवलंय आणि तिच्या आत काय भरलंय, हे पाहिल्याशिवाय या माणसाला चहासुद्धा गोड लागत नसे. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या खेड्यांत, टोल्यांत त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लोक ऑफिसात येऊन विचारत, "ते पेटीवाले भाऊ हायेत का?" पुढे त्यातलं 'वाले' गळून पडलं आणि ते पेटीभाऊ झाले.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. माजी सैनिक, त्यांच्या विधवा, म्हातारे आईबाप यांना सरकारकडून जे जे मिळू शकतं ते कसं मागायचं, हे सांगायचं आणि त्यांचे कागद पुढे पाठवायचे, एवढं आमचं काम. पेटीभाऊ स्वतः पलटणीत कारकून होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मग या कामाला लागले. मी टायपिंग येतं म्हणून कंत्राटी लागले. खुर्च्या तीनच, त्यातल्या दोन आमच्या. तिसरी आलेल्या माणसासाठी, आणि दुसरा कुणी आलाच तर खिडकीखाली एक बुटकी बैठक होती. तिच्यावर राखाडी घोंगडी टाकून ती चारही बाजूंनी सुतळीनं पक्की शिवलेली. दुपारचा डबा मी तिथेच बसून खात असे, कारण वारा तिथेच लागायचा.

मला माहेरी चौकस म्हणत आणि सासरी भोचक म्हणतात. त्यामुळे या पेटीच्या वेडामागे काय आहे हे विचारल्याशिवाय मी राहणं शक्य नव्हतं. पहिल्याच महिन्यात विचारलं. "भाऊ, कागद मागायचे सोडून पेटी काऊन मागता?" मी इथलीच आहे, चिडले की माझ्याही तोंडात काऊन येतं. ते म्हणाले, "पेटी पाह्यली म्हणजे घर समजते." मी म्हटलं, "आणि तुमची पेटी कुठी हाये?" तेव्हा ते त्या खिडकीखालच्या बैठकीवर बसून चष्मा पुसत होते. "हाये ना," ते म्हणाले, "कुठी जाते?" आणि मी, जिला शेजारणीनं काय भाजी केली हे कळल्याशिवाय झोप येत नाही, तिनं एवढ्यावर समाधान मानलं.

पेटी पाहून घर समजतं हे मात्र खरं होतं. पेटी देवळीखाली, हळदीकुंकू लावलेली असली तर ते म्हणत, घरातला माणूस लवकर गेला. पेटी गोठ्यात असली तर भावाभावांत वाटण्या झाल्या. कुरखेड्याकडच्या एका म्हातारीनं मुलाच्या पेटीत धानाचं बियाणं भरून ठेवलं होतं आणि दरवर्षी ती पेटी फक्त पेरणीला उघडत असे. भाऊंनी तिला विचारलं, "कोणतं धान हाये?" ती अर्धा तास त्या धानाबद्दल बोलली. बोलता बोलता मुलगा कोणत्या महिन्यात गेला, त्या वेळी शेतात काय उभं होतं, तार कुणी वाचून दाखवली, सगळं आपोआप आलं. आमच्या अर्जाला जे जे लागत होतं ते सगळं त्या धानाच्या गोष्टीत होतं. "अर्जाचे रकाने मी भरतो, बाई," ते बायकांना सांगत, "तुम्ही फक्त गोष्ट सांगा." आणि मग मांडी घालून बसत, ते थेट दिवस कलेपर्यंत.

या स्वभावाचा मला त्रासही भरपूर झाला. कोरपन्याजवळ एक निवृत्त नायक राहत. त्यांच्या मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांचं डिस्चार्ज बुक हवं होतं, म्हणजे फौजेतून सुटताना मिळतं ते नोकरीचं पुस्तक. ते पेटीत होतं. पेटी कापसाच्या ढिगामागे उघडीच होती आणि तिच्यात जुन्या गणवेशावर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी म्हटलं, उठवा तिला, दोन मिनिटांचं काम. नायकसाहेबही उठवायला निघाले. भाऊंनी हात आडवा धरला. "किती दिवस झाले बसून?" "आठ." "मग अजून तेरा दिवस हायेत. आमची तारीख त्याच्या पुढची हाये. आम्ही येतो." आणि खरंच आम्ही दोन आठवड्यांनी पुन्हा बसचे हिसके खात कोरपन्याला गेलो. पिल्लं अंगणात फिरत होती, पुस्तकाला शिटेचा वास येत होता, आणि भाऊ एकेक पिल्लू बोटावर घेऊन पाहत होते. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. ते लक्षात आल्याचं त्यांनी दाखवलं नाही.

नोव्हेंबर महिना त्यांचा सगळ्यात आवडता. त्या महिन्यात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. व्हरांड्यात सकाळपासून म्हातारे फौजी जमत. कुणी टोपी घालून, कुणी छातीवर पदक लावून, कुणी नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. मी यंत्रावर त्यांचा अंगठा घ्यायची की काम संपलं. पण पेटीभाऊ त्यांना सोडत नसत. "जिवंत हाये ते तर मशीननं सांगतलं. पण काय करून राह्यले ते सांगा." कुणी सांगे कापूस वेचून राह्यलो, कुणी सांगे नातवाले गणित शिकवून राह्यलो. एकदा एक जण म्हणाला, "काई नाई करून राह्यलो, भाऊ. पडून राहतो." भाऊंनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या गावातल्या तीन विधवांची नावं दिली. "यायच्या घरी जाऊन पेटी पाहून ये. मग मले सांग." पुढच्या वर्षी तो माणूस मोठी यादी घेऊन आला आणि दाखल्याचं विसरूनच गेला. यंत्रावर अंगठा ठेव म्हणून मलाच त्याच्या मागे लागावं लागलं.

एटापल्लीकडच्या रैनीबाईंची गोष्ट मात्र वेगळी झाली. तिथल्या माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात त्या दिराबरोबर आल्या होत्या. माडिया बाई, वय पन्नाशीच्या आत, मराठी थोडं समजे, बोलता येत नसे. दीर बोलायचा. रैनीबाईंचा नवरा चैतू फौजेत होता, पेन्शनीवर घरी आला होता आणि तापानं गेला, त्याला दहा-बारा वर्षं झाली होती. नवरा गेल्यावर बायकोला पेन्शन मिळते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं मोहफुलं आणि तेंदूपानं वेचून त्यांनी दोन मुली वाढवल्या होत्या. आता गुडघे धरले होते, जंगलात जाणं होत नव्हतं. आम्ही विचारलं, कागद आहेत का? नाहीत. चैतू पेन्शन कुठून घ्यायचा? "चांद्याले जाये," दीर म्हणाला, "दोन-तीन महिन्यांतून एकदा. मीठ, तेल, कपडे आणे." चांदा म्हणजे आमचं चंद्रपूर. मी इथल्या बँकांत फिरून आले. नंबर सांगा, मग बघू, असंच उत्तर सगळीकडे मिळालं. फौजेच्या दफ्तरात माणूस नावानं नाही, नंबरानं सापडतो. आणि चैतूचा नंबर घरात कुणालाच ठाऊक नव्हता.

म्हणून आम्ही त्यांच्या गावी गेलो. धान कापून झालं होतं, खळ्यावर मळणी चालली होती. जीप नाल्यापर्यंत गेली, पुढे पायी. रैनीबाईंनी आंबील दिली, तिला ते जावा म्हणतात, ती आम्ही पानाच्या दोन्यातून प्यायलो. भाऊंनी दोना खाली ठेवला आणि विचारलं, "पेटी कुठी हाये?"

दिरानं रैनीबाईंकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्याची होती. त्याले देल्ली."

मला काही समजेना. कुणाला दिली? त्यानं गावाबाहेरच्या मोहाच्या झाडांकडे हात केला. तिथे गेलेल्यांच्या नावाचे उभे दगड आहेत. माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करायचा आणि जे खास त्याचं होतं ते त्याच्यापाशी नेऊन ठेवायचं, अशी तिथली रीत. कुणाची खाट, कुणाचं ताट, कुणाची छत्री. चैतूची सगळ्यात खास वस्तू त्याची पेटी. तिला तो हातही लावू देत नसे. मग ती दुसऱ्या कुणाकडे कशी राहील? त्यांनी ती कागदपत्रांसकट, पुस्तकासकट, कुलपासकट त्याला देऊन टाकली होती. दुसऱ्या कुठल्या घरानं ती सोन्यासारखी जपून ठेवली असती, आणि इथे तितक्याच जपणुकीनं ती बारा पावसाळे उघड्यावर ठेवली होती.

मी कपाळाला हात लावला. "कागद सडले असतील, पण एकदा उघडून तर पाहू," मी म्हटलं.

"आपलं सामान नाई ते, बाई," भाऊ हळूच म्हणाले.

"मग यांच्या पेन्शनचं काय?"

"पेन्शन बाईची हाये. पेटी त्याची हाये."

मला त्यांचा खरोखर राग आला. कोंबडीच्या वेळी आला होता त्याहून जास्त. समोर बाई गुडघ्याला हात लावून बसलेली, तिचं सगळं एका नंबरावर अडलेलं, नंबर दोनशे पावलांवर, आणि हे गृहस्थ रीतिरिवाज सांभाळत बसलेले. पण ते नुसते बसले नव्हते. गावाचा गायता, म्हणजे देवाधर्माचं पाहणारा म्हातारा, त्याला त्यांनी बोलावून घेतलं. त्याला सांगितलं की फौजीची पेटी बाहेरूनही बोलते. नंबर झाकणावर असतो, दर्शनी बाजूला असतो आणि कधीकधी उजव्या अंगाला पण असतो. आत जायचं काम नाही. गायत्यानं बराच वेळ विचार केला. मग दिरानं आम्हाला मराठीत सांगितलं, "पाहा म्हणते. हात नोका लावू."

आम्ही गेलो. दगडापाशी एक छत्रीचा सांगाडा, एक फौजी पाण्याची बाटली आणि पेटी. झाकणाचा नुसता गंज झाला होता. समोरची बाजू वारुळानं गिळली होती. भाऊ साठीला टेकलेले, पण पोटावर आडवे झाले आणि उजव्या अंगाला नजर लावली. "हाये," ते म्हणाले. पांढरा रंग होता. पण शेवटच्या आकड्यांवर एक वेल चढला होता आणि त्याला हात लावायचा नव्हता. ते तसेच पडून राहिले. मी त्यांच्या शर्टावर चढणाऱ्या मुंग्या मोजत उभी.

तेव्हा रैनीबाई पुढे आल्या. गायत्यानं दोन्यातून मोहाची दारू दगडापाशी सांडली आणि रैनीबाई दगडासमोर बसून बोलू लागल्या. रडत नव्हत्या. घरात नवऱ्याशी बोलावं तशा, मधूनच थांबून, आमच्याकडे हात दाखवून बोलत होत्या. मी दिराला विचारलं, काय म्हणताहेत? "सांगून राह्यली," तो म्हणाला, "का हे लोक तुही पेटी न्यायले नाई आले. नंबर पाहून चालले जातील. राग नोको धरू." बोलणं संपलं तशी त्यांनी दिराला खूण केली. त्यानं बांबूच्या काडीनं वेल अलगद बाजूला धरला. भाऊंनी एकेक आकडा सांगितला, मी लिहून घेतला. त्यांनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग उठून शर्ट झटकला आणि त्या दगडासमोर सावधान उभे राहिले. माझा राग कुठे गेला ते मला आजही सांगता येणार नाही.

परत येताना जीपमध्ये, मी पहिल्याच महिन्यात विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांनी दिलं. पलटणीत कारकून असताना एखादा जवान गेला की त्याची पेटी भरायचं काम त्यांच्याकडे येई. एक जण वस्तू उचलून सांगे, दुसरा पाहत राही, आणि भाऊ यादी लिहीत. पायमोजे जोडी दोन, आरसा एक, फोटो चार. यादीच्या दोन प्रती. एक पेटीत जाई आणि दुसरी घरच्यांची सही होऊन परत यायची असे. "पण ती प्रत जाये मोठ्या ऑफिसात," ते म्हणाले, "मले कधी दिसली नाई. एका पोराच्या सामानात अर्धं पत्र होतं. 'बाबा, मी इथी बरा आहो' एवढं लिहून सोडलेलं. मी यादीत लिहिलं, अपुरं पत्र एक. पेटीले कुलूप लावलं, गाडीत चढवली. पोचली का? कोणी उघडली का? वाचलं का? आजवर समजलं नाई, बाई."

म्हणजे हा माणूस निवृत्त झाल्यापासून घराघरांत जाऊन त्या पेट्या शोधत होता. ज्या त्यानं भरल्या होत्या त्या महाराष्ट्राबाहेर कुठे कुठे गेल्या असतील, त्या इथे सापडणार नाहीत हे त्यालाही कळत होतं. तरी विचारत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आज तर सापडली." ते म्हणाले, "हाव. 'त्याले देल्ली' म्हणाला तो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मले सांगतलं, की पेटी ज्याची त्याले पोचली."

नंबरावरून चैतू सापडला. काही महिन्यांनी फौजेच्या दफ्तरातून उत्तर आलं. त्यात त्याच्या बायकोचं नाव नोंदलेलं होतं, म्हणजे पेन्शनीचा मार्ग मोकळा झाला. सही घ्यायला रैनीबाईंना बोलावलं तेव्हा त्यांना पेन्शनीबद्दल सांगितलं, त्यांनी मान हलवली. मग भाऊंनी नाव नोंदल्याचं सांगितलं. त्या एकदम दिराशी गोंडीत बोलू लागल्या. दीर म्हणाला, "विचारून राह्यली, त्यानं माहं नाव स्वतः सांगतलं होतं का?" भाऊंनी कागद फिरवून त्यांच्यासमोर धरला आणि त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. "हे तुमचं नाव. त्यानंच सांगतलं. लग्न झालं त्याच वर्षी." रैनीबाईंनी ते बोट बराच वेळ उचललं नाही. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही.

दोन वर्षांपूर्वी भाऊ या कामातूनही निवृत्त झाले. निरोपाला खारे शेंगदाणे आणि पेढे. चंद्रपुरातली भाड्याची खोली सोडून ते नागभीडकडच्या आपल्या गावी गेले, तिथे त्यांची बायको शेती बघत होती. जाताना टेबलाचा खण रिकामा केला, चष्म्याचं घर घेतलं, भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं. मी म्हटलं, "ही तुमची घोंगडी राहिली, भाऊ." खिडकीखालच्या बैठकीकडे पाहून ते म्हणाले, "राहू द्या. येणाऱ्यायले बसायले होते." आणि मला त्यात काहीही वेगळं वाटलं नाही. आता त्यांच्या जागेवर मीच बसते, आणि खेड्यांत गेलं की माझ्याही तोंडून आधी पेटीच निघते. लोक मला पेटीवाल्या बाई म्हणायला लागले आहेत. मी नाही म्हणत नाही.

या वर्षी, धान निसवायला आलं असताना, ते गेले. बांधावर बसले आणि उठले नाहीत. मी तेराव्याला जाऊन आले, पण काम म्हणून जायचं राहिलं होतं. त्यांच्या बायकोच्या पेन्शनीचे कागद करायचे होते, आणि ते दुसऱ्या कुणी करावेत हे मला पटत नव्हतं. गेले. घर साधं, कौलारू. भिंतीवर त्यांचा गणवेशातला फोटो. बाईंनी पाणी दिलं. मी मांडी घालून बसले. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "बाई, पेटी कुठी हाये?"

"मले विचारता?" त्या म्हणाल्या. "तुमच्यापाशीच तर हाये. ऑफिसात. मले म्हणत, तिथी खिडकीपाशी ठेवली हाये, काई झालं तर घेऊन येईल कोणीतरी. मी वाट पाहून राह्यली."

मी त्या दिवशी चंद्रपूरला कशी परतले ते मला आठवत नाही. ऑफिसचं कुलूप काढलं, शिवणकामाची कात्री घेतली आणि खिडकीखाली बसून त्या घोंगडीची सुतळी कापली. काळा पत्रा. पांढरा नंबर, हवालदार, आणि पुढे ते नाव जे आम्ही कुणीच कधी वापरलं नाही. इतकी वर्षं मी तिच्यावर बसून डबा खाल्ला होता. त्यांनी ज्या दिवशी चष्मा पुसत "कुठी जाते?" म्हटलं, त्या दिवशी ते तिच्यावरच बसले होते. कडीला कुलूप नव्हतं. तरी मी उघडली नाही. एवढं तरी मी त्यांच्याकडून शिकले होते.

दुसऱ्या दिवशी जीप केली आणि पेटी घेऊन गेले. बाईंनी फोटोसमोर सतरंजी टाकली, आम्ही दोघींनी पेटी तिच्यावर ठेवली आणि त्यांनी झाकण उघडलं. सगळ्यात वर यादी. मधे कार्बन घालून केलेल्या दोन प्रती, त्यांच्या त्या ठोकळेबाज कारकुनी अक्षरात. आपलीच पेटी त्यांनी एखाद्या गेलेल्या जवानाची भरावी तशी भरली होती. मी वाचत गेले, बाई एकेक वस्तू काढत गेल्या.

"पेन्शनीचे कागद, लिफाफा एक." होता, सगळं क्रमानं लावलेलं, माझ्यासाठी करायला काही ठेवलं नव्हतं. "मग, इनॅमलचा, एक." "हाये." "लग्नाचा फोटो एक, कोपरा फाटका." "तो उंदरानं खाल्ला, त्यायनं नाई फाडला," बाई म्हणाल्या. "घरची पत्रं, गड्ड्या तीन." त्या त्यांनी सोडल्या नाहीत, मांडीवर ठेवल्या. पुढची ओळ वाचून मी थांबले. "काय हाये?" त्यांनी विचारलं. मी वाचलं, "मोजे लोकरी, जोडी एक. एक लहान."

बाईंनी हात घातला आणि निळ्या लोकरीचे दोन मोजे बाहेर काढले. खरंच एक बोटभर लहान होता. "पहिल्या वर्षी विणले होते मी," त्या म्हणाल्या. "लोकर पुरली नाई. घातले नाईत म्हणून मी किती भांडली त्यायच्याशी. हे नाई सांगतलं का पाय बसत नाई." असं म्हणून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. मला माझा रुमाल सापडेना.

यादीच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, वरील सर्व सामान मिळाले, आणि खाली सहीसाठी रेघ मारून ठेवली होती. बाईंनी पुन्हा एकदा सगळं मोजलं. मग माझं पेन घेऊन दोन्ही प्रतींवर सावकाश सही केली. एक प्रत पेटीत ठेवली. दुसरी हातात धरून त्यांनी विचारलं, "हे कोणाले द्याची?"

"ही परत जाते," मी म्हटलं, "ज्यानं पाठवली त्याच्याकडे."

त्या उठल्या. फोटोपुढच्या पणतीपाशी ती प्रत ठेवली, उडू नये म्हणून तिच्यावर इनॅमलचा मग ठेवला, आणि फोटोकडे पाहून म्हणाल्या, "पोचली जी पेटी. मोज्यासकट."